विहिरीचं पाणी, सेन्सर आणि गाळणी : ठाणे जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून, भिवंडी-कल्याणच्या गावांतून आणि नवी मुंबईच्या गावठाणांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. घाईत असाल तर ५ आणि ८ एवढे दोन आधी वाचा.

१. आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे. आजोबांपासून तेच पितोय. मग तपासायचं कशाला?

काविळीचे, टायफॉईडचे किंवा गॅस्ट्रोचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला लागत नाहीत. ठाणे जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. रेताड जमिनीतून झिरपताना पाणी आपोआप बरंचसं गाळलं जातं, खडकाच्या भेगेतून मात्र ते जसंच्या तसं विहिरीत उतरतं. त्यातून पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भूजल जमिनीलगत येतं, आणि शोषखड्डा नि विहीर यांच्यामध्ये कोरडी जमीनच उरत नाही. आजोबांच्या वेळी विहिरीजवळ घराघराचे शोषखड्डे नव्हते. आता आहेत. शौचालयं झाली हे उत्तमच झालं, पण ती कुठे खणली गेली हे बऱ्याच ठिकाणी कुणी पाहिलं नाही.

२. पाणी कुठे तपासून मिळतं? नमुना कसा न्यायचा?

पहिली चौकशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे करा. सार्वजनिक विहिरींचे नमुने नेणं हे त्याचं कामच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तपासणी होते, आणि जल जीवन मिशनखाली या प्रयोगशाळा अल्प शुल्कात सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. म्हणजे खासगी विहिरीचा नमुनाही देता येतो. याच योजनेत गावागावांत पाच-पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत हे विचारून ठेवा. अनेक गावांत किट कपाटात पडून असतं आणि त्यातली रसायनं मुदतबाह्य झालेली असतात.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून घ्या. कोल्डड्रिंकची बाटली धुऊन नेलेली चालत नाही. झाकणाच्या आत बोट लावू नका, बाटली बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची ब्लिचिंग पावडर, टाकलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्यासाठीच्या बाटलीत क्लोरिन मारणारं रसायन घातलेलं असतं. रासायनिक तपासणीला एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन पुरतो. जंतूंची तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, रासायनिक वर्षातून एकदा, एवढं केलं तरी तुम्ही बहुतेक गावांच्या पुढे असाल.

३. सेन्सर नेमकं काय मोजतो? जंतू आहेत का ते कळतं का?

नाही, कळत नाही. गावाला परवडेल असा, विहिरीत सोडला की ई-कोलाय जंतू मोजून मोबाईलवर आकडा पाठवेल असा सेन्सर बाजारात नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सेन्सर मोजतात त्या गोष्टी अशा. पाण्याची पातळी. गढूळपणा, म्हणजे टर्बिडिटी. ती एनटीयूमध्ये मोजतात, पिण्याच्या पाण्यात १ च्या आत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते. विद्युतवाहकता, म्हणजे ईसी. तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, टीडीएसचा अंदाज काढतात. पीएच, जो ६.५ ते ८.५ असावा. तापमान. आणि पाण्यात उरलेला क्लोरिन, ज्याचा सेन्सर या सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत नाजूक. हे आकडे भारतीय मानक १०५००, म्हणजे आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातले आहेत.

४. जंतूच कळत नसतील तर सेन्सरवर खर्च का करायचा?

सेन्सर बदल दाखवतो, आणि प्रयोगशाळेला नेमकं तेच जमत नाही. वर्षातून दोनदा नेलेला नमुना त्या दोन दिवसांचीच हकीकत सांगतो. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री गढूळपणा दोनवरून चाळीसवर गेला, तर ओट्याच्या फटीतून किंवा कठड्याखालून वरचं पाणी आत शिरतंय एवढं नक्की कळतं. वरचं पाणी शिरलं म्हणजे शेण, उकिरडा, शोषखड्डा यांतलं सगळंच शिरलं असं धरून चालायचं. त्या सकाळी टीसीएल टाकून, पाणी उकळून प्यायला सांगता येतं. जुलाबाचे पेशंट उपकेंद्रात येईपर्यंत थांबावं लागत नाही.

पातळीच्या सेन्सरचा एक उपयोग विकणारे सहसा सांगत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे. टीसीएलची मात्रा विहिरीत पाणी किती आहे त्यावर ठरते. मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरीला आणि ऑगस्टमध्ये तुडुंब भरलेल्या विहिरीला एकच ‘दोन मुठी’ टाकल्या जातात, म्हणून उन्हाळ्यात पाण्याला वास मारतो आणि पावसाळ्यात जंतू मरत नाहीत. पातळी कळली की मात्रेचं गणित सुटतं (प्रश्न ८).

५. आमच्याकडे पैसे थोडेच आहेत. आधी सेन्सर घ्यावा की फिल्टर?

दोन्ही नको. आधी गवंडी बोलवा.

विहिरीचा कठडा जमिनीपासून किमान ७०-७५ सेंटिमीटर उंच हवा. त्याभोवती निदान एक मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. ओट्याला कडेने गटार, आणि ते गटार विहिरीपासून लांब नेऊन सोडलेलं. आतलं बांधकाम वरच्या भागात सांधे भरून पाणबंद केलेलं, म्हणजे पृष्ठभागालगतचं पाणी आडवं आत शिरत नाही. शोषखड्डा, गोठा, उकिरडा किमान १५ मीटर लांब, आणि शक्यतो विहिरीपेक्षा खालच्या अंगाला. उताराच्या गावात हे ‘खालच्या अंगाला’ फार महत्त्वाचं आहे. चढावर वीस मीटरवर असलेला खड्डा उतारावरच्या बारा मीटरवरल्या खड्ड्यापेक्षा घातक ठरू शकतो.

मग वर जाळी किंवा झाकण. मग प्रत्येकीची वेगळी कळशी-दोर विहिरीत उतरणं बंद: एकच रहाट नि एकच बादली, किंवा हातपंप, किंवा सोलर पंप आणि टाकी. ओट्यावर कपडे धुणं बंद. हे सांगायला सोपं आणि करून घ्यायला फार कठीण, कारण बायका तिथे धुतात ते दुसरीकडे पाणी नसतं म्हणून. ओट्यापासून लांब धुण्याचा वेगळा दगड आणि तिथवर पाईप दिलात तरच ते बंद होतं, बोर्ड लावून होत नाही.

पायऱ्यांच्या विहिरी असतील तर पायऱ्या बुजवा किंवा अडवा. पाण्यात पाय बुडवून भरण्याच्या सवयीनेच एके काळी नारू, म्हणजे कातडीतून बाहेर येणाऱ्या जंताचा रोग, पसरायचा. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, आणि त्यात पायविहिरी बंद करण्याचा मोठा वाटा होता.

एवढं झालं की टीसीएलची शिस्त, मग गाळणी, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो बंधित निधी येतो तो पाणी आणि स्वच्छतेवर खर्चायचा असतो, तेव्हा ओट्याचं काम ग्रामसभेत मांडायला हरकत नाही.

६. टीडीएस मीटर १२० दाखवतो. म्हणजे पाणी शुद्ध ना?

नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, जंतूंशी त्याचा काही संबंध नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या विहिरीतही १२० येऊ शकतो. दोन-चारशे रुपयांच्या या पेनाने जितका खोटा दिलासा दिलाय तितका दुसऱ्या कुठल्याच वस्तूने दिला नसेल. त्याचा खरा उपयोग प्रश्न १२ मध्ये आहे.

७. कोणता फिल्टर बसवू? आरओ सगळ्यांत चांगला ना?

आधी रोग, मग औषध. अहवाल हातात नसताना फिल्टर घेऊ नका.

नुसता गढूळपणा असेल तर तुरटी फिरवून पाणी निवळू द्या आणि वाळूच्या गाळणीतून काढा. घरच्या घरी, काहीच नसेल तेव्हा, जुनं सुती लुगडं चार पदरी घडी घालून त्यातून गाळणंही फुकट जात नाही. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात असं गाळणाऱ्या घरांमध्ये पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि तेच कपड्यात अडकतात. काविळीचे विषाणू त्यातून आरामात निघून जातात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

पाड्यासाठी सामूहिक गाळणी हवी असेल तर मला मंद वाळू-गाळणी सगळ्यांत आवडते. वीज लागत नाही, पडदा बदलावा लागत नाही. वाळूच्या वरच्या थरात जिवाणूंची एक साय धरते आणि तीच रोगजंतू खाते. अट एकच, पाणी सावकाश जायला हवं: एक चौरस मीटर वाळूतून तासाला साधारण १०० ते २०० लिटर. कमीत कमी धरलं तरी दिवसाला २,४०० लिटर. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर २४० माणसांचं भागतं. साय धरायला काही आठवडे लागतात, वाळू कधी कोरडी पडू द्यायची नाही, आणि धार मंदावली की वरचा एक-दोन सेंटिमीटर थर खरवडून काढायचा. फार गढूळ पाणी थेट सोडलं तर वाळू चार दिवसांत तुंबते, म्हणून आधी खडीची टाकी हवी.

अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा जिवाणू अडवतो आणि नुसत्या उंचीच्या दाबावरही चालतो, पण तो उलटा धुवावा लागतो आणि विषाणूंची पूर्ण खात्री देत नाही. युव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा जंतू मारतो, फक्त पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. शिवाय वीज गेली की दिवा गेला, आणि दिव्यातून निघालेल्या पाण्यात पुढे माठात हात बुडाला तर वाचवायला काही उरत नाही. क्लोरिन उरतो. म्हणून कुठलीही गाळणी बसवा, शेवटी क्लोरिन हवाच.

आरओ फक्त क्षारांसाठी. खाडीपासून लांबच्या, डोंगरउतारावरच्या उघड्या विहिरींचा टीडीएस बहुधा ५०० च्या आतच असतो, आणि ५०० ही मानकातली इष्ट मर्यादा आहे. अशा पाण्यासाठी आरओवर बंदी घाला असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. घरगुती आरओ बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणी फेकून देतो. भातसा, तानसा धरणं ज्या तालुक्यात आहेत त्याच शहापुरात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर जातात. तिथे डोक्यावरून आणलेल्या पाण्याचा निम्मा हंडा मोरीत सोडायचा, याला काय म्हणावं?

८. टीसीएल नक्की किती टाकायचं?

विहिरीचा व्यास आणि आतल्या पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, एवढे लिटर पाणी. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ४ × ४ × ३ × ७८५ म्हणजे ३७,६८० लिटर.

ताज्या टीसीएल पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. अशी पावडर स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम लागते. पाणी संशयास्पद असेल तर पाच ग्रॅमपर्यंत. म्हणजे वरच्या विहिरीला अंदाजे ९५ ते १९० ग्रॅम. ऑगस्टमध्ये त्याच विहिरीत सहा मीटर पाणी असेल तर बरोबर दुप्पट.

पावडर थेट टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. शेवटचं पाणी भरून झाल्यावर रात्री टाकलं तर सकाळपर्यंत काम होतं. काहीही असलं तरी किमान अर्धा तास, जमल्यास तासभर पाणी उपसू नका. मग ओटी टेस्ट. पिवळा रंग येऊन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला दिसला पाहिजे, पावसाळ्यात आणि साथीत ०.५. रंगच आला नाही तर मात्रा कमी पडली किंवा पावडर शिळी. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर काही महिन्यांत नुसता चुना होते, आणि गावोगावच्या ‘टीसीएल टाकलं तरी साथ आली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

रोज माणूस जाऊ शकत नसेल तर दुहेरी मडक्याची पद्धत आहे, नागपूरच्या नीरीने बसवलेली. भोक पाडलेल्या मडक्यात वाळू आणि टीसीएल मिसळून भरायचं, ते भोक पाडलेल्या दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवायचं आणि पाण्याखाली टांगायचं; लहान घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरिन मिळत राहतो. मोठ्या गावविहिरीला मात्र ती अपुरी पडते.

९. वास येतो म्हणून घरातली मंडळी ते पाणी पीतच नाहीत. काय करावं?

बहुतेक वेळा मात्रा चुकलेली असते, ती आधी प्रश्न ८ प्रमाणे बरोबर करा. बरोबर मात्रेचा वास भरलेला हंडा वर नुसतं स्वच्छ फडकं टाकून काही तास ठेवला की कमी होतो. तरीही नकोच म्हणत असतील तर पिण्यापुरतं पाणी उकळा, खळखळून एक मिनिट. किंवा आशाताईंकडून क्लोरिनचे थेंब घेऊन तेवढ्याच हंड्यात टाका. लोकांना दटावून काही होत नाही. दटावलं की ते शेजारच्या ओहोळावर जातात.

१०. सेन्सर विहिरीत कुठे आणि कसा लावायचा?

पातळीसाठी दोन प्रकार आहेत. वरून ध्वनिलहरी सोडणारा अल्ट्रासोनिक स्वस्त असतो, पण अरुंद विहिरीत पंपाचा पाईप, कपारी, भिंतीतली झाडं यांवरून प्रतिध्वनी येऊन भलताच आकडा देतो. सकाळी त्याच्या तोंडावर दव धरलं तरी तेच. पाण्यात सोडायचा दाबाचा सेन्सर महाग असतो आणि विहिरीसाठी तोच बरा. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. तिचं वरचं तोंड कोरडं राहील अशी व्यवस्था करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तो जातो.

गढूळपणाचा सेन्सर विहिरीच्या तळाशी नको आणि तवंगातही नको. पंप पाणी ज्या खोलीवरून घेतो तिथे लावा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे वर, पाईपलाईनवर छोटी झाकलेली पेटी करून तिच्यातून पाणी वाहतं ठेवा. उजेड आत जायला नको, शेवाळ धरतं. आणि घेताना एक विचारा: १ ते ५ एनटीयूमधला फरक याला कळतो का? वॉशिंग मशीनमधल्यासारखे स्वस्त सेन्सर शंभर-दोनशेच्या पटीत मोजतात, त्यांच्या दृष्टीने दोन आणि आठ सारखेच.

क्लोरिनचा सेन्सर विहिरीत नकोच, टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळावर. छोट्या पाड्याला तो घेऊही नका, ओटी टेस्ट पुरते.

११. रेंज नाही, वीज नाही. कसाऱ्याच्या घाटाखाली हे चालेल का?

चालेल, फक्त दर मिनिटाला आकडा हवा हा हट्ट सोडा. तासाला एक नोंद पुरते आणि त्यावर लहान सोलर पॅनेल नि बॅटरी निभावतात. जुलैत चार-पाच दिवस ऊन पडत नाही, त्या हिशेबाने बॅटरी घ्या. रेंजसाठी लोरा हा रेडिओ चांगला. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्याला परवाना लागत नाही, आणि पाड्यावरून टेकडीवरच्या शाळेपर्यंत किंवा जिथे मोबाईल लागतो तिथपर्यंत तो पोचतो. मध्ये डोंगर आला तर नाही पोचत. नोंद यंत्रातच साठून राहते ना, हेही विचारून घ्या. वानरं केबल ओढतात. ती लोखंडी पाईपातून न्या.

१२. नवी मुंबईत गावठाणात आमची जुनी विहीर आहे, खाडी जवळ. उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. फिल्टर चालेल का?

वाळू, कोळसा, युव्ही, उकळणं, यातलं काहीच मीठ काढत नाही. इथे मात्र ईसी सेन्सर किंवा तुमचा तो टीडीएस पेन खरोखर कामाचा आहे. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच खोलीवरून आकडा घेऊन भिंतीवर लिहा. फेब्रुवारी ते मे चढत जाऊन पावसाळ्यात उतरत असेल तर उपसा वाढल्यावर खारं पाणी आत येतंय. मोटर एकदम चार तास चालवण्याऐवजी थोडा थोडा वेळ चालवा, मोटर वर घ्या, पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीत सोडा.

प्यायला मोरबे धरणाचं नळाचं पाणी असेल तर तेच प्या आणि विहीर धुण्या-झाडांसाठी ठेवा. प्यायचंच असेल आणि टीडीएस दोन हजारांच्या पुढे जात असेल तर आरओशिवाय गत्यंतर नाही. पण त्याचं फेकलेलं खारट पाणी विहिरीच्या आसपास मुरवू नका, ते फिरून तुमच्याकडेच येतं. आरओतून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस अचानक चढला तर पडदा फाटला असं समजा.

१३. हातपंपाचं पाणी भरताना नितळ, तासाभराने लाल. भांडी पिवळी पडतात.

विरघळलेलं लोह आहे, हवा लागली की त्याचा गंज होतो. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. पाणी उंचावरून झाऱ्यासारखं पाडून हवा खेळवायची, थोडा वेळ बसू द्यायचं आणि वाळूतून गाळायचं. यंत्राची गरज नाही. सकाळची पहिली कळशीच लाल येते आणि नंतर स्वच्छ, असं असेल तर दोष पाण्याचा नसून जुन्या पाईपाचा आहे. लोह आधी काढा, मग क्लोरिन टाका, कारण लोह क्लोरिन खाऊन टाकतं.

१४. घोडबंदर रोडवर सोसायटीत टँकर येतो. पाणी कुठल्यातरी विहिरीचं असतं. आम्ही काय तपासायचं?

टँकर रिकामा व्हायच्या आधी त्याच्या नळीतून ग्लासभर पाणी घेऊन क्लोरिनची चाचणी करा. क्लोरिन नाही म्हणजे ते पाणी प्यायचं नाही, मग पावतीवर काहीही लिहिलेलं असो. सोबत टीडीएस लिहून ठेवा. रोजचा ३०० असताना एखाद्या दिवशी ९०० आला तर विहीर बदलली आहे. ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भूमिगत टाकीत ईसी सेन्सर लावला तर हे रात्री दोनच्या टँकरलाही कळतं. टाकीत नळाचं आणि टँकरचं पाणी एकत्र होत असेल तर शक्य तिथे वेगळं करा.

१५. विहिरीत गप्पी मासे सोडलेत. टीसीएलने मरतील का? आणि कासव पाणी शुद्ध ठेवतं म्हणतात?

निर्जंतुकीकरणाच्या मात्रेत मासे बहुधा मरतात. गप्पी मासे वापरात नसलेल्या विहिरींसाठी; पिण्याच्या विहिरीला डासांसाठी जाळी लावा. कासव शेवाळ-किडे खातं हे खरं, पण तेही विहिरीतच घाण करतं आणि त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. शिवाय देशी कासवं पाळायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. वनविभागाला कळवून सोडवा.

१६. मंद वाळू-गाळणी बसवली, विहिरीत टीसीएलही टाकतो. तरी अहवालात जंतू आले!

तरी नव्हे, म्हणूनच. क्लोरिन घातलेलं पाणी वाळूवर गेलं की प्रश्न ७ मधली साय मरते आणि उरते ती नुसती वाळू. विहिरीत टाकणं थांबवा आणि गाळल्यानंतरच्या टाकीत टाका. साय परत धरेपर्यंत काही आठवडे पाणी उकळून प्या.

हीच गत कोळशाच्या घरगुती फिल्टरची. कोळसा क्लोरिन शोषून घेतो, मग त्याच ओल्या कोळशात जंतू वाढतात. काडतूस वेळेवर बदललं नाही तर आत गेलेल्यापेक्षा बाहेर आलेलं पाणी वाईट निघतं. आणि शेवटी माठ पाहा: दांड्याचा ओगराळा आहे की पेला बुडवला जातो?

१७. ओढ्याचं पाणी कठड्यावरून विहिरीत गेलं. गाळणी आहेच, चालेल ना?

चालणार नाही. गाळणीचा रस्ता बंद करा. पाणी ओसरल्यावर विहीर उपसा, गाळ काढा. उतरायच्या आधी आत चांगला वारा खेळू द्या, पेटता कंदील सोडून पाहण्यावर विसंबू नका, आणि दोर बांधल्याशिवाय कुणाला उतरवू नका, बंद विहिरीतल्या वायूने माणसं जातात. नवं पाणी आलं की नेहमीच्या कित्येक पट टीसीएल टाकून रात्रभर ठेवा, ते पाणी उपसून फेका, मग नेहमीची मात्रा. नमुना स्वच्छ येईपर्यंत प्यायला दुसरं पाणी.

१८. पाण्याला केमिकलचा वास येतोय. जवळ कारखाने आहेत. कोणता फिल्टर?

कोणताच नाही. अंबरनाथ, भिवंडी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यालगत असा वास, फेस किंवा रंग आला तर पिणं थांबवा. काय मिसळलंय हे कळल्याशिवाय कुठलीही गाळणी भरवशाची नसते. पीएच आणि ईसीची उडी तारीख-वेळेसह नोंदून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, प्रत ग्रामपंचायतीला. इथे सेन्सरची नोंद तक्रारीला वजन देते, विशेषतः पाणी रात्री सोडलं जात असेल तर. उकळण्याने रसायन जात नाही. नायट्रेटही जात नाही, उलट आटून वाढतं. ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असेल तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवू नका.

१९. आमच्या सेन्सरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा अहवाल जुळत नाही. खरं कुणाचं?

ईसी किंवा टीडीएस दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा असेल तर दोघंही खरे. ईसीला ०.५ ते ०.७ पैकी कुठल्या आकड्याने गुणून टीडीएस काढला त्यावर एवढा फरक पडतोच. पीएच वेगळा असेल तर आधी तुमचा प्रोब, म्हणजे सेन्सरचं पाण्यात बुडणारं टोक, पीएच ४ आणि ७ च्या द्रावणात तपासा. तो काचेचा असतो, कोरडा पडला की बिघडतो आणि नीट सांभाळला तरी एक-दोन वर्षांत म्हातारा होतो. गढूळपणा हळूहळू चढत गेलेला दिसला आणि पाऊस नसेल, तर प्रोबवर बुळबुळीत थर धरलाय. मऊ फडक्याने पुसा. आकडा खाली आला की झालं. हे पुसायचं काम दर पंधरवड्याला कुणी करायचं ते सेन्सर घेतानाच ठरवून, त्याला मानधन धरून, ग्रामपंचायतीच्या वहीत नाव लिहून ठेवा. ज्या गावांत ते नाव नसतं तिथला सेन्सर दिवाळीपर्यंत काहीतरी दाखवत राहतो, पण त्याकडे कुणी बघत नाही.